मूर्तीच्या मागची भिंत

सूड घेऊन झाला की माणसाला रितं रितं वाटतं, पश्चात्ताप होतो, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. मला तसलं काही झालं नाही. मला सडकून भूक लागली आणि मी आईच्या हातचे सात उकडीचे मोदक एका बैठकीत खाल्ले, वर तूप मागून घेतलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता माझे दोन्ही गुडघे बदलून झाले आहेत, चष्म्याशिवाय स्वतःचीच सही दिसत नाही, आणि तरीही तो दिवस आठवला की मला बरं वाटतं. ज्यांना क्षमाशील म्हातारीच्या आठवणी वाचायच्या आहेत त्यांनी हे प्रकरण वगळून पुढे जावं.

तेव्हा आम्ही सिडनीत, गिरावीनला राहायचो. साथ सगळीकडेच होती, पण आमच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांवर सरकारची खास मर्जी होती. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरत फिरतंय. बातम्यांत समुद्रावर ऊन खात पडलेली माणसं दिसायची आणि आई टीव्हीलाच विचारायची, "यांच्या डोक्यावर नाही का फिरवत ते?" आई एका मैदानात गाड्यांच्या रांगेतल्या माणसांच्या नाकात काडी घालून नमुने घ्यायची. घरी आली की मागच्या दाराने लॉन्ड्रीच्या खोलीत, कपडे मशिनमध्ये, आंघोळ, आणि मगच स्वयंपाकघर. नाकावर मास्कचा लाल वळ तसाच असायचा आणि ती कणीक भिजवत असायची. बाबांनी गॅरेजमध्ये ऑफिस थाटलं होतं. एका बाजूला लॉनमोअर, दुसऱ्या बाजूला तांदळाची पोती, मध्ये बाबा. भिंतीपलीकडून दिवसभर त्यांचं "नो वरीज, मेट, नो वरीज" ऐकू यायचं. पहिल्या लॉकडाउनमध्ये बाबांची कायमची नोकरी गेली होती आणि हे काँट्रॅक्टचं काम त्यांना मकरंदकाकांनी मिळवून दिलं होतं. दर तीन महिन्यांनी ते वाढायचं, तेही मकरंदकाकांच्या सहीने. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आमच्या घरात ते कोणालाच विसरता येत नव्हतं.

मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाला लागून आमची ग्रॅनी फ्लॅट होती. एक खोली, एक ओटा, एक न्हाणीघर. ती आम्ही नाओमी नावाच्या एका जपानी नर्सला भाड्याने दिली होती. तिचे वडील मिनेगिशी-सान, आपल्याकडे म्हणतात तसे मिनेगिशीराव, तीन आठवड्यांसाठी म्हणून आले आणि सीमा बंद झाल्या. मग विमानं रद्द होत गेली, आणि पुढे पुढे त्यांनीच विचारणं सोडलं. नाओमीला कोविडच्या वॉर्डात ड्यूटी लागल्यावर वडिलांना धोका नको म्हणून ती हॉस्पिटलजवळ मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मिनेगिशी-सान आमच्या अंगणात एकटे राहिले. सत्तरी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, खिशाला कायम पेन्सिल. आई रोज दुपारी त्यांच्या खिडकीच्या पट्टीवर डबा ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची. पिठलं त्यांना मनापासून आवडायचं. अळूवडी त्यांनी आधी बराच वेळ बाजूने पाहिली, गुंडाळीचे थर मोजले, आणि मग खाल्ली. डबा कधी रिकामा परत आला नाही. त्यात मुळ्याचं पिवळं लोणचं तरी असायचं, नाहीतर लिंबाच्या पानावर ठेवलेली चार बिस्किटं.

ते खेळ बनवायचे, हे मला आठवड्याभराने कळलं. खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. जपानमधल्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं आणि सात खेळ दिग्दर्शित केले होते. त्यातला विहिरीत उतरणाऱ्या दिवेवाल्या पोराचा खेळ इतका गाजला होता की माझ्या शाळेतल्या मुलांच्या टी-शर्टांवरसुद्धा तो पोरगा असायचा. मी शाळेत जपानी घेतलं होतं ते कार्टून बघण्याच्या नादाने. तेवढ्या भांडवलावर आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीवर आमचं बोलणं चालायचं. मध्ये कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी, तिच्या अलीकडे मी, पलीकडे ते. ते जे बोलले ते मी इथे मराठीत लिहिते आहे.

विसाव्या वर्षी ते कंपनीत लागले ते नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या काचा रंगवायला. मग चौकटीच्या कागदावर ठिपके भरून माणसं काढायला लागले. सोळा ठिपके उंच माणूस, त्यात डोळा एकाच ठिपक्याचा. "तो ठिपका एक घर खाली सरकला की माणूस दुःखी दिसतो," ते म्हणाले आणि माझ्या वहीत काढून दाखवलं. खरंच दिसत होता. त्या काळी कंपनी खेळाच्या शेवटी कोणाची खरी नावं लिहू द्यायची नाही. दुसऱ्या कंपन्या नावं वाचून माणसं पळवतील म्हणून. सगळ्यांनी टोपणनावं घ्यायची. मिनेगिशी-सान रोज दुपारी तोफू खायचे, म्हणून ते 'तोफू'. सातही खेळांच्या शेवटी 'तोफू' एवढंच आहे.

मला गेम बनवायचे होते. हे घरात कोणाला फारसं पटलेलं नव्हतं, पण अजून कोणी नाही म्हटलं नव्हतं. ज्या युनित, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेम बनवायचा कोर्स होता तिथे मार्कांबरोबर एक पूर्ण केलेला खेळ दाखवावा लागायचा, स्वतःच्या नावाचा, कोणालाही उघडून बघता येईल असा. माझ्याकडे अर्धवट सोडलेले अकरा खेळ होते आणि पूर्ण एकही नाही. तेवढ्यात आमच्या मंडळाचा गणपती ऑनलाइन करायचं ठरलं. मकरंदकाका देवस्थळी मंडळाचे अध्यक्ष, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून झूमवर बसणारे. ते म्हणाले, मुलांनो, घरबसल्या दर्शनाचं काहीतरी करा. मी हात वर केला. काकांचा मुलगा आर्यन, तोही माझ्यासारखाच बारावीत, त्यानेही केला.

दोन महिने मी तो खेळ केला. गल्लीतून चालत जायचं, दारात चपला काढायच्या, काढल्या नाहीत तर आत पाऊल पडत नाही. एकवीस दूर्वा निवडायच्या, त्यात गवताची पाती मिसळलेली. आरतीला तालावर टाळ वाजवायचे, चुकलं की शेजारचे आजोबा वळून बघतात. आरती आईने गायली, मैदानावरून आल्यावर, बसलेल्या घशाने. टाळ बाबांनी गॅरेजमध्ये दार लावून वाजवले, दोन मीटिंगांच्या मध्ये. मिनेगिशी-सान माझ्या लॅपटॉपवर दुरून खेळले आणि म्हणाले, "देवाच्या दाराआधी तीन पायऱ्या घाल. पायरी चढताना माणूस हळू होतो. हळू झाला की बघतो." मी पायऱ्या घातल्या. त्या तीन पायऱ्यांनी सगळा खेळ बदलला. पुढे मी स्वतः माणसं हाताखाली घेऊन मोठमोठे खेळ केले, त्यातल्या प्रत्येकात कुठेतरी त्या तीन पायऱ्या आहेत.

आर्यनने एक पोस्टर केलं. चांगलं होतं पोस्टर, मी नाही म्हणत नाही. शिवाय मंडळाची वेबसाइट त्याच्याकडे होती, म्हणून सगळ्या फाइली त्याच्यामार्फत गेल्या.

चतुर्थीच्या सकाळी झूमवर शंभराच्या वर घरं. मकरंदकाकांच्या गॅरेजमध्ये खरी मूर्ती, पुण्याहून गुरुजी पडद्यावर, आणि शेजारी माझा खेळ. गुरुजींनी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले ते दोन्ही मूर्तींसाठी, तशी सगळ्यांनी विनंतीच केली होती. मग पहिला पडदा उघडला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं: संकल्पना व दिग्दर्शन, आर्यन देवस्थळी. मला आधी वाटलं मी चुकून दुसरंच काही बघते आहे. काका गहिवरून बोलत होते, "एचएससीचं वर्ष सांभाळून आमच्या आर्यनने हे उभं केलं. आणि हो, आपली उर्वी पण होती हं मदतीला. रांगोळी वगैरे तिने केली."

त्या खेळात रांगोळी नव्हतीच.

मी आर्यनला फोन लावला. तो म्हणाला, "चिल ना, उर्वी. डॅडने लिहिलं ते. इट्स अ कम्युनिटी थिंग."

"आर्यन, तू त्यातली एक ओळ तरी लिहिलीस का?"

"डिरेक्शन म्हणजे व्हिजन असतं यार. आणि मला युनिच्या अर्ली एंट्रीसाठी लीडरशिप दाखवायचीय. तुला असिस्टंट म्हणून टाकू का? आय कॅन आस्क डॅड."

मी फोन ठेवला. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दोन दिवसांनी तो आमच्या भागातल्या वर्तमानपत्रात झळकला, माझ्या तीन पायऱ्यांसमोर हाताची घडी घालून.

बाबांकडे गेले. ते गॅरेजमध्ये हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते.

"बाबा, ते माझं आहे."

"माहितीये मला."

"मग बोला ना काकांशी."

बाबांनी गॅरेजच्या बंद शटरकडे पाहिलं. "एक्स्टेन्शन याच महिन्यात यायचंय, उर्वी. बाप्पाचं काम आहे. बाप्पाला माहितीये कोणी केलं."

"बाप्पा युनिच्या अ‍ॅडमिशन कमिटीवर आहे का?"

त्यांनी हेडफोन परत कानांवर चढवले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो आणि त्याबद्दल मकरंदकाकांना मी आजही माफ केलेलं नाही. माझं नाव चोरलं ते एक. पण माझ्या बापाला माझ्यासमोर मूग गिळून बसायला लावलं, ते दुसरं, आणि ते जास्त मोठं.

चौथ्या दिवशी काकांचाच फोन. आवाजात साखर. "बेटा, विसर्जनाचं तेवढं करून देशील? आर्यनला तशी आयडिया आहे, पण त्याच्या ट्रायल्स चालू आहेत." बारावीच्या त्या सराव परीक्षा माझ्याही चालू होत्या. मी म्हटलं, "हो काका, करते की." आई ओट्याशी भाकरी थापत होती. ती थापता थापता थांबली. "करणारेस?" तिने विचारलं. "करणारे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

माझा बेत साधा होता. विसर्जनाच्या वेळी पडदाभर लाल अक्षरांत 'आर्यन चोर आहे', आणि खाली एक गाढव. गाढव मी आधीच काढून ठेवलं होतं, अगदी आर्यनचे केस असलेलं. मोठ्या अभिमानाने मी ते मिनेगिशी-सानना दाखवायला नेलं. ते अंगणात मुळा सोलत बसले होते. त्यांनी गाढव बघितलं, सोलाणं खाली ठेवलं आणि मला दिवेवाल्या पोराच्या खेळाची गोष्ट सांगितली.

तो खेळ गाजल्यावर त्यांचे साहेब, शिमोयामा नावाचे, मुलाखती द्यायला लागले. खेळाचे जनक म्हणून. नियम असा की खरी नावं बाहेर जायची नाहीत, पण साहेबांना नियम नव्हता. मिनेगिशी-सान काही बोलू शकले नाहीत. बायको दवाखान्यात होती, नाओमी लहान होती. मग त्यांनी पुढच्या खेळात एक चोरखोली केली. धबधब्याच्या मागे, जिथे कोणी जाणार नाही अशी. त्यात भिंतीवर लिहिलं: शिमोयामा मूर्ख आहे.

"मग?" मला उकळ्या फुटत होत्या.

"बारा वर्षांनी एका मुलाला ती खोली सापडली. खूप गाजली. शिमोयामा-सानना टीव्हीवर विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ती गंमत मीच घालायला सांगितली होती." मिनेगिशी-साननी मुळ्याकडे पाहत सांगितलं. "आज जगभरचे लोक ती खोली उघडतात. आत शिमोयामांचं नाव वाचतात. माझं नाव तिथेही नाही. सूड घ्यायला बसलो आणि त्याचंच नाव लिहिलं. मी मूर्ख."

त्यानंतर त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. जपानी ऑफिसांत ज्याला काम द्यायचं नाही त्याला खिडकीजवळ बसवतात. नऊ वर्षं ते तिथे बसून बाहेरचं पार्किंग बघत होते. आणि शिमोयामा त्यांना दर नव्या वर्षाला न चुकता शुभेच्छांचं कार्ड पाठवतात, कोपऱ्यात दिवेवाला पोरगा छापलेलं.

"म्हणजे काही करू नको म्हणता?" मी विचारलं. मला रडू यायला लागलं होतं.

"असं मी कुठे म्हटलं?" ते म्हणाले. "स्वतःचं नाव लिही. ज्याने ज्याने जे केलं ते लिही. त्या मुलाचंही लिही. त्याने जेवढं केलं तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. त्याला याच्याइतकं दुसरं काही लागणार नाही."

"पण कुठे? ते आधी तपासून बघतील ना."

त्यांनी पेन्सिलने डोकं खाजवलं. "तुमच्या देवळात अशी कोणती गोष्ट आहे जिला हात लावायला माणूस घाबरतो? तपासणाराही तिला हात लावत नाही."

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दिलं. आमच्या घरी पेंडल हिलच्या दुकानातून आणलेला शाडूचा गणपती बसलेला होता. मी त्याच्याखालची निर्माल्याची घाण पुसायला पाट जरासा उचलला तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "उर्वी! हलवू नकोस! प्रतिष्ठा झालीये, उत्तरपूजेपर्यंत जागचा हलवायचा नाही, कितीदा सांगायचं!" मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. मग हसायला लागले. आईला वाटलं अभ्यासाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

मूर्ती बसली की हलवत नाहीत. शेवटच्या दिवशी उत्तरपूजा झाली की गुरुजी ती हाताने किंचित उत्तरेकडे सरकवायला सांगतात, म्हणजे देव निघाला. त्याच्याआधी मूर्तीच्या मागे काय आहे हे कोणीही बघत नाही. पडद्यावरच्या मूर्तीच्याही.

मी चार दिवसांत विसर्जन केलं, मिरवणूक, गुलाल, पाणी, सगळं. आणि मखराच्या मागे एक भिंत बांधली. मग काकांना फोन केला, कारण मला लपूनछपून काही करायचं नव्हतं. म्हणजे करायचं होतंच, पण उद्या कोणी विचारलं तर तोंड वर करून बोलता यायला हवं होतं.

"काका, मिरवणूक आणि विसर्जन वेगळं उघडून बघता येईल. फक्त उत्तरपूजेला मूर्ती माउसने धरून सरकवायची आहे. तेवढं एकदा करून बघा."

"अगं वेडी का तू? बाप्पा बसलेत. आत्ता हलवायची मूर्ती?"

"पडद्यावरची आहे, काका."

"तरी! गुरुजींनी मंत्र म्हटलेत. ते त्या दिवशी त्यांच्यासमोरच. बाकी सगळं फर्स्ट क्लास आहे."

"बघा हं. नंतर म्हणाल उर्वीने सांगितलं नाही."

"पूर्ण विश्वास आहे बेटा तुझ्यावर."

हे संभाषण मी मिनेगिशी-सानना ऐकवलं तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. इतके, की लिंबावरचे लोरिकीट पोपट उडाले.

अनंत चतुर्दशीला आईने सकाळीच मोदक केले. उकड मळून अंगणात टेबलावर आणली आणि दुसऱ्या टोकाला मिनेगिशी-सान मास्क लावून, हात धुऊन बसले. त्यांच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक पडल्या, एकेका मोदकाला पंधरा. "बघ," आई म्हणाली, "जपानी माणसाला जमतं." मग ती आत गेली आणि हिरवी पैठणी नेसून आली. दीड वर्षात तिने साडी नेसली नव्हती. "झूमला पैठणी?" बाबांनी विचारलं. "आज मला नीट बसायचंय," ती म्हणाली. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

झूमवर सगळं मंडळ होतं. आर्यन सोवळं नेसून यजमान म्हणून माउस धरून बसला होता. पुण्याहून गुरुजींनी उत्तरपूजा सांगितली, अक्षता वाहून झाल्या. "यजमान, आता मूर्तीला हात लावा आणि थोडी उत्तरेकडे सरकवा." आर्यनने मूर्ती धरली आणि सरकवली. मागची भिंत दिसली. पांढरी भिंत, त्यावर शेंदरी अक्षरं, आणि भिंतीला टेकलेल्या आमच्या घरच्या चपला.

कोणाला काही कळायच्या आत गुरुजींनी चष्मा वर केला. त्यांना वाटलं संकल्पात घ्यायची भक्तांची नावं आहेत. त्यांनी ती संकल्पाच्याच चालीवर, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "कथा, चित्रे, कोड आणि दिग्दर्शन, उर्वी सतीश नेरूरकर. आरती, वैशाली सतीश नेरूरकर. टाळ, सतीश वासुदेव नेरूरकर. तीन पायऱ्या आणि दिग्दर्शनाची शिकवण, तोकुजी... मिनेगिशी. हे आडनाव कुठलं हो?" ते पुढे गेले. "पोस्टर, आर्यन मकरंद देवस्थळी." आणि मग शेवटची ओळ, जी मी मिनेगिशी-सानना न विचारता घातली होती. "रांगोळी, या खेळात रांगोळी नाही." गुरुजी थबकले, पण सवयीने पळीभर पाणी सोडून मोकळे झाले.

आर्यन मूर्ती परत जागेवर ढकलायला बघत होता. पडद्यावर तिचा हात धरून ओढत होता. ती जात नव्हती. उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती परत जागेवर जात नाही, ते मी तसंच केलं होतं. आणि विसर्जन सुरू व्हायला आधी पूर्ण आरती व्हावी लागत होती. त्यामुळे शंभराच्या वर घरांनी, आईच्या आवाजात, बाबांच्या टाळांवर, ती भिंत बघत आरती म्हटली. मध्येच कोणीतरी म्यूट करायला विसरलेल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे हे सगळं त्या उर्वीचं?" तिसऱ्या कडव्याला मकरंदकाकांचा कॅमेरा बंद झाला. आर्यनला बंद करता आला नाही, गुरुजींसमोर यजमानाला आरती सोडून जाता येत नाही. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते आणि मी ते पोटभर बघून घेतले.

बाबांचं काँट्रॅक्ट वाढलं नाही. हे मी लपवत नाही. पाच महिने ते घरी होते आणि त्या पाच महिन्यांचं मला वाईट वाटतं, भिंतीचं वाटत नाही. त्या दिवशी आरती संपल्यावर ते उठून गॅरेजमध्ये गेले. मी घाबरत घाबरत मागे गेले तर ते टाळांच्या दोऱ्या नीट बांधत होते. "वासुदेव पण लिहिलंस," ते म्हणाले. "आजोबांना आवडलं असतं." मग दोन दिवसांनी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "दुसरं काम मिळेल गं." मिळालं. पहिल्या पडद्यावरचं नाव मंडळाने आठवड्यात बदललं, बायकांनी काकांना सळो की पळो करून सोडलं म्हणून. मला तो कोर्सही मिळाला. आर्यन पुढे मेलबर्नला गेला, टार्निटला घरं विकायचा. एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "यू वर ब्रूटल, मेट." मी म्हटलं, "हो."

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. आम्ही घरचा गणपती अंगणात, वाळवणाच्या दांडीखाली बादलीत विसर्जित केला. मोदक खाऊन मी लॅपटॉप घेऊन ग्रॅनी फ्लॅटशी गेले आणि तो खिडकीच्या पट्टीवर ठेवून दोन पावलं मागे सरले. मिनेगिशी-साननी झूम त्यांच्या फोनवर पाहिलं होतं, पण लहान पडद्यावर त्यांना अक्षरं दिसली नव्हती, आणि गुरुजींच्या उच्चारात स्वतःचं नाव ओळखू आलं नव्हतं. त्यांनी मूर्ती सरकवली. नाव मी जपानी लिपीतही लिहिलं होतं, शाळेतल्या बाईंकडून तपासून घेऊन. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बोट त्या नावाखालून सावकाश फिरवलं. एका खेळात त्यांचं खरं नाव पहिल्यांदा आलं होतं, तेही सिडनीतल्या एका गणपतीच्या मागे.

"हे पुसलं जाईल?" त्यांनी विचारलं.

"आता माझ्या स्वतःच्या पानावरही ठेवलाय. तिथलं मी पुसल्याशिवाय नाही."

"कोणालाही दिसतं? जपानमध्येही?"

"लिंक असली की कुठेही."

ते आत गेले. मला वाटलं त्यांना एकटं राहायचं आहे, म्हणून मी निघाले. तेवढ्यात ते परत आले. त्यांच्या हातात शिमोयामांचं त्या वर्षीचं कार्ड होतं, कोपऱ्यात दिवेवाला पोरगा, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत ईमेलचा पत्ता. साहेब आता नव्वदीला आले होते, पण ईमेल रोज बघतात, असं नाओमीने कुठूनतरी काढलं होतं. त्यांनी कार्ड खिडकीच्या पट्टीवर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"यांना पाठव," ते म्हणाले.

"काय लिहू?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, विचार केला आणि परत खिशात ठेवली. "काही नको. मूर्ती कशी सरकवायची, तेवढं फक्त नीट समजावून लिही."